घरची बाजू, कॉलेजची बाजू

सोलापूर,
१४ जुलै २०२४

ती. चन्नप्पा मामांस,
दानेश्वरीचा शरणु.

पोचल्यावर आठ दिवसांत पत्र टाक, असं तुम्ही पाटीवर लिहून दिलं होतंत. पंधरा झाले. रागावू नका. फोनवर तुम्हाला बोलता येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, तेव्हा तुमच्या भाचीला पोस्टाचा रस्ता शोधत हिंडावं लागलं. पोस्ट सापडलं, पण तिथल्या बाई म्हणाल्या की इतक्या लहान मुलीला अंतर्देशीय पत्र मागताना त्यांनी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

वसतिगृह ठीक आहे. एका खोलीत तिघी. भाकरी आपल्यासारखी पातळ नसते, पण मिळते. समाजाचं वसतिगृह असल्यामुळं पैसे कमी, नियम जास्त. वर्षअखेरीस एकही विषय राहिलेला चालत नाही, राहिला की खोली सोडायची. पहिल्याच दिवशी सही करून घेतली.

वर्गात आम्ही एकशे दहा जण आहोत. बहुतेकांनी अकरावी-बारावीला बुककीपिंग केलंय, माझी बारावी सायन्सची. पण त्यांच्याकडं तुम्ही नाही. अकाउंटिंगला गावडे मॅडम आहेत. माळशिरसच्या, आवाज खणखणीत. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, व्यापाऱ्याकडं रोख आली तर ती कुठं लिहायची? सगळ्यांच्या आधी मी हात वर केला आणि उत्तर दिलं. मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या मामांनी. त्या म्हणाल्या, बस.

अक्कम्मा मामींना नमस्कार. पथ्य मोडू नका.

तुमची,
दानेश्वरी


मैंदर्गी,
२३ जुलै २०२४

चि. दानव्वास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. "तुला हे कुणी शिकवलं" हे वाक्य मी तुझ्या मामीला बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, "आता चार दिवस जेवण न्हाय दिलं तरी चालंल की तुमाला." तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

अक्कलकोटच्या भुसार पेढीवर मी अडतीस वर्षं दिवाणजी होतो. मालक अण्णारावांनी कधी माझी बेरीज दुसऱ्यांदा मारून बघितली नाही. ऑपरेशनात आवाज गेला, पेढीही संगणकावर गेली, तेव्हा वाटलं की आपली विद्या आता आपल्याबरोबरच जाणार. तू दोन उन्हाळे माझ्यासमोर बसून वही लिहायला शिकलीस. त्याचं काय वाटतं ते मला सांगता येत नाही आणि आवाज असता तरी आलं नसतं.

तुझ्या अप्पांचा, शरणबसवचा, विचार तुला शहरात पाठवायचा नव्हता. मी मध्ये पडलो. शरणबसवला पाटीवर लिहून दिलं की हिला जमाखर्च येतो, हिची जबाबदारी माझी. तो म्हणाला, एक वर्ष बघू, एका विषयात जरी राहिली तरी परत आणीन. मी मान डोलावली. तेव्हा तू तिथं जे लिहितेस, ते माझ्याही सहीचं आहे असं समज.

जास्त सांगत नाही. आलं ते जमा, डावीकडं. गेलं ते नावे, उजवीकडं. रोजच्या कीर्दीत ज्या बाजूला लिहिलं, खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर त्याच बाजूला न्यायचं. एवढं धरलंस की कुठं अडणार नाहीस.

चन्नप्पा


सोलापूर,
८ सप्टेंबर २०२४

ती. मामांस शरणु.

उशीर झाला. पहिली चाचणी होती, ती झाली. बरी गेली.

अभ्यास चालू आहे. गावडे मॅडम भरभर शिकवतात. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारतात आणि दोन्ही बाजूंनी लिहीत सुटतात. मुलं म्हणतात की या विषयात दरवर्षी अर्धा वर्ग गळतो. माझ्या खोलीतल्या शिवानीचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला आहेत. ती म्हणते, धागा एकदा चुकीच्या बाजूनं ओवला की पुढं टॉवेलभर निस्तरावं लागतं. ती अभ्यासात हुशार आहे, मला रोज शिकवायला बघते.

एक विचारायचं होतं, सहजच. आपल्यात जमा डावीकडंच का लिहितात? उजवीकडं लिहिली तर काही बिघडतं का?

दानेश्वरी


मैंदर्गी,
१७ सप्टेंबर २०२४

चि. दानव्वास आशीर्वाद.

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. अडतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक "किती" विचारतात, "का" कुणी विचारत नाही. तू आतपर्यंत गेलीस म्हणायची.

माझे गुरू श्रीमंत दिवाणजी सांगायचे की दान उजव्या हातानं करतात, म्हणून देणं उजवीकडं. येणारं उरलेल्या बाजूला. शास्त्रात काय आहे ते शंकराला ठाऊक, पण मला एवढं पुरलं. बाजू बदलून काय बिघडतं विचारतेस. घराचं दार कुठल्याही भिंतीला काढता येतं, पण त्या घरात जन्मलेला माणूस अंधारात जुन्याच भिंतीशी जाऊन हात लावतो.

सोबत घड्या पाडलेले दहा कागद पाठवतो. पेढीवर आम्ही रेघा मारत नसू, कागदाला घड्या घालून रकाने पाडायचो. तुझ्या मॅडमना दाखव. त्यांना आवडतील.

चाचणीचे गुण लिहिले नाहीस. विसरली असशील.

चन्नप्पा


सोलापूर,
२९ जानेवारी २०२५

ती. मामांस शरणु.

दिवाळीला घरी आले तेव्हा तुम्ही गुण विचारलेत आणि मी पाणी आणायला म्हणून आत गेले, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. संक्रांतीला तर मी आलेच नाही.

काल पहिल्या सत्राचा निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास आहे. अकाउंटिंगला पन्नासपैकी नऊ.

इंग्रजी पुस्तकं आहेत, शब्द कळत नाहीत, वेळही पुरला नाही. पुन्हा परीक्षा मे महिन्यात आहे. तेव्हा सुटला तर सुटला, नाही तर खोली सोडून मैंदर्गीला. अप्पांना अजून सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मामा, मला घरी यायचं नाही. इथं मला आवडतं. एवढं तुम्हालाच सांगू शकते.

दानेश्वरी


मैंदर्गी,
५ फेब्रुवारी २०२५

चि. दानेश्वरीस,

इंग्रजीचं कारण मला पटत नाही. आकडा कुठल्याही भाषेत आकडाच. ज्या मुलीनं माझ्यासमोर शंभर नोंदींची खतावणी एका बैठकीत जुळवली, तिला नऊ पडत नाहीत. उत्तरपत्रिकेची प्रत अर्ज करून मिळते असं इथल्या शाळेच्या मास्तरांनी सांगितलं. ती काढ आणि मला पाठव. सबब नको.

चन्नप्पा


सोलापूर,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस शरणु.

प्रत सोबत आहे. बघून रागावू नका, एवढंच मागणं.

दानेश्वरी


मैंदर्गी,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. दानव्वास आशीर्वाद.

उत्तरपत्रिका तीनदा तपासली. भिंगातून तपासली. पहिल्या प्रश्नात तुझी एकही चूक नाही. आलेलं डावीकडं, गेलेलं उजवीकडं, नाव बरोबर, रक्कम बरोबर, दोन्ही बाजूंची बेरीज पैशाला पैसा जुळते. त्यावर लाल शाईनं भोपळा दिलाय. हा सरळ अन्याय आहे.

दुसऱ्या प्रश्नात मात्र तू गडबडलीस. निम्म्यापर्यंत ठीक होतं, मग बाजूच उलट्या केल्यास. तो भोपळा मला कबूल आहे. तिथं लक्ष कुठं होतं तुझं?

गप्प बसणं मला जमणार नाही. लोकांना वाटतं की आवाज गेलेल्या माणसाला काही म्हणायचं नसतं. सोमवारी सकाळच्या एस्टीनं येतो. तुझ्या मॅडमना भेटणार आणि त्यांच्यासमोर बेरीज मारून दाखवणार. मामी म्हणाली, "तुमी जाऊ नगा, पोरीलाच तितं तरास हुईल." मी ऐकलेलं नाही.

चन्नप्पा


सोलापूर,
५ मार्च २०२५

ती. मामांस शरणु.

सोमवारी तुम्ही वसतिगृहात जेवला नाहीत. मी ताट वाढून ठेवलं होतं. फाटकापर्यंत धावत आले, तोवर तुम्ही रिक्षात बसला होतात.

तुम्ही पाटीवर लिहिलंत, "बेरीज जुळते की नाही?" मॅडम म्हणाल्या, जुळते. तुम्ही लिहिलंत, "मग शून्य का?" मॅडमनी तुम्हाला स्वतःची खुर्ची दिली, पुस्तक उघडून समोर ठेवलं. म्हणाल्या, "काका, तुमची पद्धत खोटी नाही. जुन्या पेढ्यांवर तीच होती. पण इथं डावी बाजू नावेची आणि उजवी जमेची आहे. पेपर तपासणाऱ्याकडं हीच एक पद्धत आहे." तुम्ही पुस्तकाच्या त्या पानावर ओळीओळीनं बोट फिरवलंत. मग लिहिलंत, "आलेला पैसा नावे?" मॅडम म्हणाल्या, हो, रोख खातं नावे. आणि पुढं म्हणाल्या, "मी हे दानेश्वरीला जुलैपासून सांगतेय."

तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग बाहीनं पाटी पुसलीत, मॅडमना हात जोडलेत आणि निघालात.

आता खरं लिहिते. पहिल्या दिवशी मॅडमनी "कुणी शिकवलं" विचारलं ते कौतुकानं नव्हतं. मी उत्तर दिलं तेव्हा वर्ग हसला होता. तुम्ही ते कौतुक समजलात, मामींना दाखवलंत, आणि मला ते मोडवेना. चाचणीत मला वीसपैकी दोन होते. तुम्हाला "जमा डावीकडंच का" विचारलं ते यासाठीच. वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, बाजूला काय एवढं, तिकडं सांगतील तसं लिही. पण तुम्ही हातानं घड्या पाडलेले कागद पाठवलेत. ते मी कुणालाच दाखवले नाहीत, पेटीत आहेत.

कॉलेजची पद्धत मला कळते. शिवानीनं घोटून घेतलीय. पण ती लिहायला लागले की तुम्ही चुकलात असं लिहितेय असं वाटतं. परीक्षेत पहिला प्रश्न मी आपल्या पद्धतीनं लिहिला. दुसऱ्याला निम्म्यावर घाबरून त्यांची धरली. तिथं माझं लक्ष कुठं होतं विचारलंत. तुमच्याकडं होतं.

मी चुकले, मामा. पत्र लिहा.

दानेश्वरी


सोलापूर,
२८ मार्च २०२५

ती. मामांस शरणु.

तीन आठवडे झाले. मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, "जेवत्यात, झोपत्यात, न्हायतर कागद काळं करत बसत्यात. माझ्याकडं बगतबी न्हायत. काय झालंय तुमा दोगांचं?" मी अभ्यासाचं निमित्त करून फोन ठेवला.

मे महिन्याचा फॉर्म भरला. सही करताना तुमचं वाक्य आठवलं, की हे माझ्याही सहीचं आहे. तुम्ही ते परत घेतलं असेल तर तसं कळवा. न कळवता बसू नका.

दानेश्वरी


मैंदर्गी,
११ एप्रिल २०२५

चि. दानव्वास अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. कशाचा राग, ते मलाच दोन आठवडे ठरवता येत नव्हतं.

जगात दुसरी पद्धत आहे याचा नाही. संगणक आला तेव्हाच मला ते कळायला हवं होतं, पण मी तिकडं पाठ करून बसलो. कॉलेजात अपमान झाला याचाही नाही. त्या बाई भल्या आहेत, त्यांनी मला खुर्ची दिली. राग याचा आला की तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. पेढीवर चूक झाली तर आम्ही ती खोडत नसू. खोडलं की संशय येतो. चूक तशीच ठेवायची, खाली दुरुस्तीची नोंद करायची आणि मालकाला दाखवायची. तू मला हे कधी दाखवलंच नाहीस. म्हातारं माणूस मोडेल म्हणून झाकलंस. मगळे, लेकी, माझा आवाज गेलाय, पाठीचा कणा नाही.

पण मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. मीही तुला कधी विचारलं नाही की कॉलेजात कसं शिकवतात. एकदाही नाही. माझंच सांगत बसलो. ज्याला सांगायची सोय नसते, तो लपवतो. ती सोय मी ठेवली नव्हती.

अक्कलकोटला जाऊन अकरावीचं बुककीपिंगचं जुनं पुस्तक आणलं. महिनाभर तेच करतोय. एकाहत्तराव्या वर्षी हात वळवणं सोपं नाही. आलेली रोख नावे टाकताना पहिले आठ दिवस मला चोरी केल्यासारखं वाटलं. मग हळूहळू कळलं की त्यातही एक रीत आहे, चांगली आहे.

सोबत दहा उदाहरणं सोडवून पाठवलीत, तुझ्या कॉलेजच्या पद्धतीनं. लाल शाईनं तपासायची. गुण द्यायचे, दया नको. खोटं बरोबर केलंस तर मला कळेल.

चन्नप्पा


सोलापूर,
२० एप्रिल २०२५

ती. मामांस शरणु.

दहापैकी चार.

हा आकडा लिहायला मला दोन दिवस लागले. पहिलं, दुसरं, सहावं आणि नववं बरोबर आहे. तिसऱ्यात तुम्ही उधारीच्या विक्रीत रोख धरलीत, उधारीत रोख येत नाही. चौथ्यात घरखर्चाला काढलेले पैसे धंद्याच्या खर्चात घातलेत. सातव्यात बेरीज चुकली आहे. हो, तुमची बेरीज. मी तीनदा बघितली. आठव्यात आणि दहाव्यात रोखकीर्दीतली बाजू तशीच खतावणीत नेलीत. इथं ती पलटते.

पाचवं उदाहरण बघताना मात्र मला लाल पेन उचलवेना. चार नोंदी इतक्या सुंदर होत्या आणि पाचवीपासून तुमचा हात सरळ घरच्या बाजूला गेला. माझाही त्याच ठिकाणी गेला होता. मी खोलीत एकटीच होते, म्हणून रडून घेतलं. मग गुण कापले.

सातवं आणि दहावं पुन्हा करून पाठवा. मी रोज दोन करते आहे. पेपर ९ मेला आहे.

अकाउंटिंगची भीती आता तेवढी राहिली नाही. तुम्हाला चार देऊन झाल्यावर भिण्यासारखं फार काही उरत नाही.

दानेश्वरी


मैंदर्गी,
२९ एप्रिल २०२५

चि. दानव्वास आशीर्वाद.

सातवं आणि दहावं सोबत आहे. सातव्यातली बेरीज खरंच चुकली होती. मामीला सांगितलं, ती दिवसभर हसली. इतकं हसताना तिला चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

पेपर झाला की मला लिही, पण निकालाआधी तुझ्या अप्पांशी या विषयावर बोलू नकोस. माझं मी बघतो.

चन्नप्पा


सोलापूर,
२ जुलै २०२५

ती. मामांस शरणु.

निकाल मामींच्या फोनवर कळवला, पण बाकीचं कागदावरच लिहायचं होतं.

पन्नासपैकी बावीस. विसाला पास. तुमच्या दहा उदाहरणांचं मी गावडे मॅडमना सांगितलं होतं. त्यांनी दारात थांबवून विचारलं, "मामांना किती पडले असते?" मी म्हटलं, आता दहापैकी सहा तरी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांना माझा नमस्कार लिही.

आज अप्पा इथं आले होते. खिशातून त्यांनी एक कागद काढून माझ्यासमोर धरला. तुमचं अक्षर लांबूनच ओळखलं. एप्रिलमध्येच तुम्ही त्यांना लिहिलं होतंत, की दानेश्वरी पहिल्या सत्रात नापास झाली, ती माझ्या चुकीच्या शिकवण्यामुळं. मी शब्द दिला होता, तो मी मोडला. पोरीला बोल लावायचा नाही, निकाल काहीही लागो, तिला तिथंच ठेवायची. खाली तारीख, सही. अप्पांनी तो कागद दोन महिने खिशात ठेवला आणि मला एका शब्दानं विचारलं नाही.

मामा, तुम्ही अप्पांसमोर कधी मान खाली घातलेली मी पाहिली नाही. घरातल्या लग्नांच्या मानपानातसुद्धा नाही. माझ्यासाठी घातलीत, ती पण लेखी.

पण ते खरं नव्हतं. तुम्ही चुकीचं शिकवलं नव्हतंत आणि मला जुलैतच सगळं कळलं होतं. मी अप्पांकडून पेन मागून घेतलं आणि तुमच्या सहीखाली लिहिलं, की मामांना आठ महिने काही माहीत नव्हतं, मी लपवलं, वीसपैकी दोन मामांपासून, पन्नासपैकी नऊ अप्पांपासून, सगळं लपवलं. तारीख घातली, सही केली आणि कागद परत दिला.

अप्पांनी वाचलं. वसतिगृहाच्या पायरीवर बसून पुन्हा एकदा वरपासून वाचलं. मग म्हणाले, "दोगंबी लपवायला लई हुशार. सांगायच्या येळंला मातर कागद लागतो तुमाला."

कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि ऑफिस कुठं आहे ते विचारून दुसऱ्या वर्षाचे पैसे भरायला गेले.

तुमची,
दानेश्वरी